वाचक विचारतात : आडवा उजेड, मातीच्या पाट्या आणि देवळापुढचा दगड

मागच्या अंकात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मातीच्या पाट्यांवर लेख होता. ओल्या मातीत बोरूच्या कोपऱ्याने खुणा दाबून लिहायची ही कीलाकार लिपी इ. स. पू. ३२०० च्या सुमारास सुरू झाली आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत वापरात राहिली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सुमारे पाच लाख पाट्या आहेत. त्यातल्या एक लाख तीस हजारांच्या आसपास एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये. 'या पाट्या आता संगणकावर वाचता येतात' असं एक वाक्य त्या लेखात होतं आणि बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. वाक्य जरा ढिलं होतं हे कबूल. संगणकावर पाट्या दिसतात, वाचायच्या आपल्यालाच असतात. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

पाट्या घरबसल्या दिसतात म्हणता, पण कुठे? गुगलवर नुसती चित्रं येतात. आमच्या गावात नेट रात्री अकरानंतरच नीट चालतं, म्हणून थेट ठिकाण सांगा. (शिक्षक, वणी तालुका, जि. यवतमाळ)

ठिकाणाचं नाव सीडीएलआय, म्हणजे 'क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह'. लॉस एंजेलिसचं विद्यापीठ आणि बर्लिनची माक्स प्लांक संस्था यांनी ते उभं केलं, पुढे ऑक्सफर्डही त्यात आलं. साडेतीन लाखांच्या आसपास वस्तूंची नोंद तिथे आहे. फोटो मात्र सगळ्यांचे नाहीत. पाहायला पैसे पडत नाहीत.

प्रत्येक पाटीला 'पी' हे अक्षर आणि पुढे सहा आकडे असा क्रमांक दिलेला असतो. तो सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा समजा, मालक बदलला तरी क्रमांक तोच. हा क्रमांक माहीत नसेल तर संग्रहालयाचा क्रमांक टाकून शोधा, विषयाचं नाव टाकून शोधत बसू नका. सुरुवातीला दोन क्रमांक देतो. 'वायबीसी ७२८९' ही येल विद्यापीठातली तळहाताएवढी गोल पाटी. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे कर्ण काढले आहेत. बाजूवर ३० लिहिलंय, कर्णावर १, २४, ५१, १०. त्यांचे आकडे साठाच्या पटीत चालतात, म्हणून १ मध्ये २४ भागिले ६०, ५१ भागिले ३६०० आणि १० भागिले २१६००० मिळवा. उत्तर १.४१४२१३ येतं, म्हणजे दोनचं वर्गमूळ पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर. दहावीच्या वर्गात दाखवण्याजोगी पाटी आहे. दुसरा क्रमांक 'बीएम १३१२३६'. हे उर शहरातलं इ. स. पू. १७५० च्या सुमाराचं पत्र आहे. तांबं हलक्या प्रतीचं दिलंस आणि माझ्या माणसाशी तोऱ्यात वागलास, अशी नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याकडे केलेली तक्रार.

फोटो उघडला की अधिकाच्या चिन्हासारखी मांडणी दिसेल. मधे पाटीचा दर्शनी भाग, डावी-उजवीकडे आणि वर कडा, दर्शनी भागाच्या खाली खालची कड आणि तिच्याखाली मागचा भाग. पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलटत नाहीत. वरून शिवलेल्या पॅडचं पान उलटतात तशी ती खालच्या कडेवरून फिरवतात. म्हणून लिखाण दर्शनी भागावरून खालच्या कडेवर उतरतं आणि तसंच मागे चालू राहतं. हे लक्षात न आल्यामुळे नवखा माणूस कडेवरची ओळ हमखास सोडून देतो.

भाषांतरं वाचायची असतील तर 'ओरॅक' हा कीलाकार मजकुरांचा खुला संग्रह आणि ऑक्सफर्डचा 'ईटीसीएसएल' हा सुमेरी, म्हणजे मेसोपोटेमियातल्या एका जुन्या भाषेतल्या, साहित्याचा संग्रह पाहा. दुसऱ्यात सुमारे चारशे रचना आहेत. २००६ नंतर त्यात भर पडलेली नाही, पण आहे ते पक्कं आहे. पानं नुसत्या मजकुराची असल्याने मंद नेटवरही उघडतात. त्यात शेतकऱ्याने मुलाला केलेला उपदेश आहे. सहा मीटर रुंदीत आठ तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, घाल, त्याहून दाट केलेस तर पीक लोळेल. दाणा दोन बोटं खोल पाड. कोंब वर आला की उंदरांचा बंदोबस्त कर. दोन तासांत पाऊण मीटर अंतर झालं. तिफणीमागे चाललेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

फोटोत काही पाट्यांवरच्या खुणा खोल दिसतात, काहींवर उठावाच्या. लिहायच्या पद्धती दोन होत्या का? (वाचक, मूल, जि. चंद्रपूर)

नाही, खुणा सगळ्या खोलच आहेत. फसतो आपला डोळा. उजेड वरून येतो असं तो गृहीत धरतो, त्यामुळे उजेड खालून आला असेल तर खड्डा फुगवट्यासारखा दिसतो. फोटो उलटा फिरवून पाहा, खुणा लगेच आत जातील. हा घोळ होऊ नये म्हणून पाटीचा फोटो काढताना उजेड डावीकडून वरच्या कोपऱ्यातून टाकायचा रिवाज आहे. तुम्ही स्वतः फोटो काढलात तर उजेड कुठून होता ते नोंदवा.

गावाबाहेरच्या हेमाडपंती देवळाच्या उंबऱ्यापुढे एक दगड जमिनीत बसवलेला आहे. त्यावर चार-पाच ओळी आहेत, पण झिजल्या आहेत. दुपारी काही दिसत नाही, दिवस मावळताना दोन-तीन अक्षरं दिसतात. पोरांनी खडू घासून पाहिला. पाट्यांसाठी वापरतात ती उजेड फिरवून फोटो काढायची रीत इथे चालेल का? आमच्याजवळ मोबाईल आणि एक जुना डीएसएलआर आहे. (वाचक, पवनी तालुका, जि. भंडारा)

चालेल. पण आधी खडू थांबवा. खडू, हळद, पीठ, कोळसा, तेल, यातलं काहीही नको. खडूने भरलेलं अक्षर हे भरणाऱ्याने केलेलं वाचन असतं, पुढचा माणूस दगड सोडून तो खडूच वाचतो. दगडाच्या छिद्रांत गेलेला रंग निघतही नाही. तारेचा ब्रश तर अजिबात लावू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, शेवाळ तसंच राहू द्या. देऊळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. नसेल तर देवस्थान समितीची आणि ग्रामपंचायतीची घ्या.

दिवस मावळताना अक्षरं दिसतात हे तुम्ही अचूक हेरलंत. सूर्य क्षितिजावर आला की उजेड दगडावरून सरपटत जातो आणि अर्धा मिलिमीटर खोल रेघेचीही सावली पडते. डोक्यावरच्या सूर्याला ती सावली पाडता येत नाही. सगळ्या तंत्राचा पाया एवढाच आहे. २००१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतले टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर गणित बसवलं. कॅमेरा जागचा न हलवता उजेड दर वेळी वेगळ्या दिशेने टाकून पन्नासेक फोटो काढायचे. त्यावरून पृष्ठभागाचा प्रत्येक ठिपका कोणत्या बाजूला कललेला आहे ते संगणक काढतो. मग पडद्यावर माऊसने उजेड हवा तिकडून पाडता येतो. दाखवण्यासाठी त्यांनी घेतलेल्या पहिल्या वस्तूंत कीलाकार पाटी होतीच. या रीतीला आरटीआय, म्हणजे 'रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग', म्हणतात. माहिती अधिकाराशी गोंधळ करू नका, इथे अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागत नाही.

सामान असं लागेल : कॅमेरा, भक्कम तिपाई, दूरून बटण दाबायचं रिमोट, एक सुटा फ्लॅश किंवा बॅटरी, दोरी, मोजपट्टी आणि दोन काळे चकचकीत गोळे. गोळे कशाला? काळ्या गोळ्यावर उजेडाचा एक पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका कुठे आहे यावरून उजेड कुठून आला हे संगणकाला कळतं. फोटोत गोळ्याचा व्यास किमान अडीचशे पिक्सेल भरला पाहिजे. समजा चौकटीत ४० बाय ३० सेंटीमीटरचा भाग घेतला आणि कॅमेरा आडवे ४००० पिक्सेल देतो, म्हणजे सेंटीमीटरला शंभर पिक्सेल झाले. तेव्हा अडीच सेंटीमीटरचा गोळा हवाच. मोठी काळी गोटी चालेल, स्नूकरचा काळा चेंडू उत्तम. सायकलचे छर्रे इथे कामाचे नाहीत, फार लहान पडतात.

दोरीची लांबी चौकटीच्या कर्णाच्या दुप्पट ते चौपट धरतात. वरच्या मापात कर्ण ५० सेंटीमीटर, म्हणून दीड मीटर दोरी घ्या. एक टोक फ्लॅशला बांधा, दुसरं टोक दगडाच्या मध्यावर धरून अंतर मोजा आणि फोटोच्या आधी दोरी चौकटीबाहेर सोडा. घड्याळाच्या बारा आकड्यांप्रमाणे बारा दिशा घ्या. प्रत्येक दिशेला चार उंच्या, १५, ३५, ५० आणि ६५ अंश. दीड मीटरच्या दोरीला या उंच्या दगडापासून ३९, ८६, ११५ आणि १३६ सेंटीमीटर येतात. एका बांबूवर चार खुणा करून ठेवल्या की दर वेळी कोन मोजावा लागत नाही. असे एकूण ४८ फोटो होतात.

कॅमेऱ्यावर सगळं हातचं ठेवा : आयएसओ १००, छिद्र एफ ८, व्हाइट बॅलन्स पक्का केलेला. फोकस एकदा लावला की ऑटोफोकस बंद. पहिली चाचणी ६५ अंशांवर घ्या, सगळ्यात जास्त उजेड तिथेच पडतो. त्यात कुठलाही भाग नुसता पांढराफटक होत नसेल तर तीच मांडणी शेवटपर्यंत चालवा. १५ अंशांचे फोटो काळपट येतील. ते तसेच यायला हवेत, म्हणून मधेच उजेड वाढवू नका. फोटो रॉ स्वरूपात घेतले तर एकेक २५ एमबीच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून सव्वा जीबी. कार्ड आधीच रिकामं करून घ्या.

वेळ रात्रीची, आणि लाईन गेलेली असेल तर सोन्याहून पिवळं. भारनियमनाचा उपयोग होतो असं हे एकच काम असेल. फ्लॅश बंद ठेवून त्याच मांडणीत एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. थोडंही काही दिसलं तर देवळाचा दिवा किंवा रस्त्यावरचा बल्ब आत शिरतोय.

बिघडतं ते कॅमेरा हलल्यामुळे. शेवटच्या चित्रात अक्षरं दुहेरी दिसली तर दुसरं कारण शोधू नका. काळ्या मातीत तिपाईचे पाय काम चालू असताना हळूहळू रुततात, डोळ्यांना ते कळतही नाही. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, बटणाला बोट लावू नका. गोळा धक्क्याने घरंगळला तर त्याच्या आधीचे फोटो वाया जातात, म्हणून तो चिकणमातीच्या कड्यात बसवा. पांढरा सदरा घालून जवळ उभं राहिलात तर सदऱ्यावरचा उजेड दगडावर पडतो. जागलीला वापरतात ती चार्जिंगची बॅटरी चालते, पण तिच्या झोतात कडी दिसतात. तोंडावर ट्रेसिंग पेपर लावला की झोत सारखा होतो. बॅटरी उतरत गेली तर शेवटचे फोटो मंद येतात, तेव्हा पूर्ण भरूनच निघा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. किडे उजेडावर येतात, दगडावर बसतात आणि त्यांची टिंबं अक्षरांना मात्रा-अनुस्वार लावून जातात. होळीच्या आधीच्या कोरड्या रात्री बऱ्या.

जुळवणीचा प्रोग्राम 'आरटीआय बिल्डर' आणि पाहायचा 'आरटीआय व्ह्यूअर', दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कल्चरल हेरिटेज इमेजिंग' या संस्थेचे, मोफत. इटलीतल्या पिसाचा 'रीलाइट' त्यांच्यापेक्षा नवा. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या, नाहीतर बिल्डर पहिल्याच पायरीवर अडतो. चित्र तयार झालं की 'स्पेक्युलर एन्हान्समेंट' निवडा. दगडाचा रंग, डाग, शेवाळ सगळं बाजूला पडून नुसता आकार राहतो. पुसट ओळ दिसायची असेल तर इथे दिसते.

एवढं जमणार नसेल तर मोबाईलवर भागवा. मोबाईल तिपाईला बांधा, प्रो मोडमध्ये फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करा, एचडीआर आणि एआय दोन्ही बंद ठेवा. एआय चालू असेल तर मोबाईल सावल्या स्वतःहून उजळतो, आणि आपल्याला नेमक्या सावल्याच हव्या असतात. टायमर लावून आठ दिशांनी, जमिनीलगतच्या उजेडात आठ फोटो काढा. गावातल्या बहुतेक दगडांना एवढं पुरतं. आठवर अक्षरं उमटली नाहीत तरच ४८ च्या मागे लागा. मोजपट्टी चौकटीत ठेवा. गावाचं नाव, दगडाची जागा, तारीख आणि प्रत्येक फोटोचा उजेड कोणत्या बाजूने होता हे वहीत लिहा. वाचनासाठी हे सगळं पुरातत्त्व खात्याच्या म्हैसूर इथल्या पुरालेख शाखेकडे पाठवता येतं. ती वही सोबत नसेल तर फोटोंचा उपयोग अर्ध्यावर येतो.

सेतू केंद्रातल्या स्कॅनरवर पाटी किंवा ताम्रपट ठेवून स्कॅन केला तर? (संगणक चालक, साकोली, जि. भंडारा)

पाटीसाठी हे करतात. सीडीएलआयने हजारो पाट्या साध्या सपाट स्कॅनरवर, सहाही बाजूंनी, ६०० डीपीआयवर घेतल्या आहेत. मात्र स्कॅनर सीसीडी जातीचा हवा. त्याला काचेपासून थोडं वरचंही स्पष्ट दिसतं. सीआयएस जातीच्या स्कॅनरला काचेला टेकलेलं तेवढंच दिसतं, बाकी धूसर. ओळखायची सोपी खूण म्हणजे वेगळा पॉवर प्लग नसून नुसत्या यूएसबी वायरवर चालणारा चपटा स्कॅनर बहुधा सीआयएस असतो. झाकण पाडू नका, वर काळं कापड टाका. स्कॅनरचा दिवा ठरलेल्या बाजूनेच येतो, त्यामुळे एक स्कॅन सरळ आणि दुसरा वस्तू पाव फेरा फिरवून घ्या. पहिल्यात न दिसलेल्या रेघा दुसऱ्यात दिसतील.

ताम्रपट स्कॅनरवर चकाकतो, त्याला बाजूचा उजेडच बरा. आपल्या भागातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर बारीक पेटी असते, म्हणून त्यांना पेटिकाशीर्षक म्हणतात. वा. वि. मिराशींनी हे लेख १९६३ मध्ये एका खंडात संपादून छापले. एकदा आडवा उजेड टाकला की ती पेटी कोरलेली चौकट आहे की भरीव ठोकलेली, हे लगेच कळतं. आणखी एक, वावर नांगरताना सापडलेला ताम्रपट घरात ठेवायचा नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एआय आता पाट्या आपोआप वाचतो असं ऐकलं. मग भाषा शिकायची गरज काय? उद्या आमच्या घरातले मोडी कागदही वाचेल का? (विद्यार्थिनी, अचलपूर, जि. अमरावती)

२०२३ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी अक्कादी या मेसोपोटेमियातल्या दुसऱ्या जुन्या भाषेतून थेट इंग्रजीत भाषांतर करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. ओरॅकवरचे मजकूर त्याला शिकायला दिले होते. माणसाने केलेल्या भाषांतराशी ताडून गुण द्यायची एक पद्धत आहे, तिच्यात त्याला शंभरपैकी ३७ च्या आसपास गुण पडले. शंभरात ३७ वाक्यं बरोबर असा याचा अर्थ नाही, पण कामाचा अंदाज येतो. ठरावीक साच्याचा मजकूर आणि छोटी वाक्यं असली की तो चांगला चालतो. वाक्य लांबलं की मुळात नसलेलं काहीतरी गुळगुळीत भाषेत लिहून देतो. फाटलेल्या ओळीवर अडखळणारा प्रोग्राम परवडला, न अडखळणारा महाग पडतो.

अडचण लिपीतच आहे. ताऱ्यासारखं एक चिन्ह घ्या. सुमेरीत ते 'अन', म्हणजे आकाश. तेच 'दिंगिर', म्हणजे देव. अक्कादीत त्याचा अर्थ 'इलु', तोही देवच. शिवाय शब्दाच्या मधे ते नुसत्या 'अन' किंवा 'इल' या उच्चारासाठी येतं. आणि देवाच्या नावाआधी आलं तर उच्चार काहीच नाही, पुढे देवाचं नाव आहे एवढी खूण. यातलं कोणतं घ्यायचं ते आजूबाजूच्या शब्दांवरून ठरतं, आणि आजूबाजूचा तुकडा तर फुटलेला.

वापर कसा करायचा ते एका हिशोबावरून पाहा. दक्षिण इराकमधल्या द्रेहेम इथे इ. स. पू. २०५० च्या आगेमागे सरकारी गुरा-मेंढरांचं मोठं आवार होतं. तिथल्या हजारो पाट्या एकाच साच्याच्या आहेत : इतकी जनावरं, महिन्याचा अमुक दिवस, 'कि अब्बसग-ता', 'इन्तएआ इ-दब', महिना, आणि शेवटी वर्षाचं नाव. म्हणजे अब्बसगाकडून इन्तएआने ताब्यात घेतली. कोंडवाड्याच्या पावतीत आणि हिच्यात फरक फक्त शिक्क्याचा. वर्षालाही आकडा नाही, 'एरिदूच्या पुरोहिताची स्थापना झाली ते वर्ष' असं नाव. अशा पाटीत इन्तएआचं अर्धं नाव तुटलं असेल तर यंत्र ते सुचवू शकतं आणि सूचना बहुधा बरोबर असते. लिप्यंतरात ती चौकोनी कंसात टाकतात. कंसाबाहेरचं पाटीवर दिसतं, कंसातलं माणसाने किंवा यंत्राने भरलंय. भाषांतर वाचताना आधी कंस शोधा. कंस काढून टाकलेलं भाषांतर कितीही सफाईदार असलं तरी अभ्यासाला घेऊ नका.

यंत्र खरं उपयोगी पडतं ते तुकडे जुळवायला. म्युनिक विद्यापीठाच्या 'इलेक्ट्रॉनिक बॅबिलोनियन लिटरेचर' या प्रकल्पात वेगवेगळ्या पेट्यांत पडलेल्या हजारो तुकड्यांची लिप्यंतरं एकत्र केली आहेत आणि कोणता तुकडा कोणत्या रचनेतला असू शकेल हे संगणक सुचवतो. जुळतं की नाही ते शेवटी माणूसच ठरवतो.

मोडीचं उत्तर थोडक्यात : शिकायला दिलेले कागद ज्या हाताचे असतील तो हात यंत्र वाचेल. तुमच्या पणजोबांच्या कारकुनाचा हात त्यात नसेल. त्या कागदांचे नीट फोटो आजच काढून ठेवा आणि मोडी शिका. चिकाटी धरली तर काही महिन्यांत कागद उलगडू लागतात.

काही पाट्या मातीच्याच लिफाफ्यात बंद असतात म्हणे. न फोडता आतलं कसं वाचतात? (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

सीटी स्कॅनने, पण दवाखान्यातल्या नव्हे. तिथला स्कॅनर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं दाखवतो, खुणांच्या कडा त्याहून बारीक असतात. त्यासाठी सूक्ष्म सीटी लागतो. हॅम्बुर्ग विद्यापीठाने संग्रहालयात नेता येईल असा स्कॅनर तयार केला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये त्यावर काम केलं. आतली पाटी आणि लिफाफा यांच्यात हवेची पातळ फट असेल तर संगणक दोन्ही सहज वेगळे करतो. माती जिथे मातीला चिकटली आहे तिथे फटच नसते, मग पडद्यावर एकेक थर हाताने रेखत बसावं लागतं. लिफाफा घालायचं कारण तुम्हाला ओळखीचं वाटेल : करार आत, त्याचीच नक्कल किंवा सारांश बाहेर शिक्क्यांसकट. बाहेर कोणी फिरवाफिरव केली तर वाद झाल्यावर लिफाफा फोडून आतलं ताडायचं.

मोबाईलवर कीलाकार लिपी टाइप होते का? (वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

होते. २००६ च्या ५.० आवृत्तीपासून ती युनिकोडमध्ये आहे, 'नोटो' कुटुंबातला फॉन्ट फुकट मिळतो. पण तीन हजार वर्षांत चिन्हाचं रूप पार बदललं तरी संकेत एकच, त्यामुळे पाटीवर दिसतं ते आणि पडद्यावर उमटतं ते जुळेलच असं नाही.

पाटीचं थ्री-डी मॉडेल की तुमचा आरटीआय, काय चांगलं? (वाचक, नागपूर ग्रामीण)

सपाट दगडाला आरटीआय. पाटी उशीसारखी फुगीर असते आणि लिखाण कडेवरून वळतं, तिला थ्री-डी. पाटी फिरत्या पाटावर ठेवून चहूबाजूंनी ८० ते १२० फोटो काढा, लागोपाठच्या दोन फोटोंत किमान दोन तृतीयांश भाग सामाईक हवा. मोजपट्टी विसरलात तर मॉडेलला माप राहत नाही. जुळवलेलं मॉडेल हायडेलबर्गच्या 'गिगामेश' या मोफत प्रोग्राममध्ये घातलं की खोल भाग गडद होऊन खुणा शाईने लिहिल्यासारख्या दिसतात.

शाळेत मुलांकडून काळ्या मातीच्या पाट्या करून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तडे. काय चुकलं? (शिक्षिका, लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

माती चुकली. तुमच्याकडची कन्हार पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात वावरात पडतात त्याच भेगा पाटीत पडल्या. तिग्रिस-युफ्रेटिसकाठचा गाळ इतका आक्रसत नाही. कुंभाराकडची तयार माती मिळाली तर तीच घ्या. नाहीतर दोन भाग कन्हार आणि एक भाग नदीची बारीक वाळू, दोन्ही पिठाच्या चाळणीतून काढलेली. वाळू जाड राहिली तर खुणेची कड फाटते. दोन दिवस भिजवून कणकेसारखी तिंबा, हवेचे बुडबुडे राहू देऊ नका.

पाटी सहा सेंटीमीटर लांब, साडेचार रुंद आणि दोन जाड करा. वळल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. ओल्यावर लगेच लिहिलं तर माती बोरूला चिकटून वर येते, फार थांबलात तर खूण उमटत नाही. बोट टेकवल्यावर ठसा उमटला पण बोटाला माती लागली नाही, की लिहायला घ्या. बोरूसाठी बांबूची चिपाटी, टोक पाच मिलिमीटरचं चौकोनी आणि धारदार कापलेलं. मुलं हमखास ती पेनसारखी ओढतात आणि कडेला मातीचा ढिगारा उठतो. ओढायचं नाही. कोपरा टेकवायचा, दांडी थोडी खाली झुकवायची आणि सरळ उचलायचा. एका दाबात डोकं जाड आणि शेपूट निमुळती अशी खूण उमटते.

वाळवताना पहिले दोन दिवस सावलीत ओलसर पोत्याखाली ठेवा, रोज एकदा उलटा. पुढे तीन-चार दिवस सावलीतच उघड्यावर. उन्हात नको, चुलीत तर नकोच. आत पाणी राहिलं असेल तर वाफ होऊन पाटी फुटते. मूळ पाट्याही बहुतेक नुसत्या वाळवलेल्या होत्या. निनवे या असिरियाच्या राजधानीतल्या राजवाड्यातल्या कित्येक भाजल्या गेल्या त्या इ. स. पू. ६१२ मधल्या आगीत.

तडकलेल्या पाट्या फेकू नका. सगळ्या वर्गाचे तुकडे एका टोपलीत मिसळा, प्रत्येकाचा फोटो डावीकडच्या आडव्या उजेडात काढा आणि कोणता तुकडा कोणत्या पाटीचा हे मुलांना फक्त फोटोंवरून जुळवायला द्या.